खोळीवरचा टाका

टाका माझा नव्हता.

मी खोळीवरून हात फिरवला, मग चष्मा लावून परत फिरवला. सुतळी तीच होती. दाभणाची भोकंही जुनीच होती, नव्यानं पाडलेलं एकही नव्हतं. पण कडेची गाठ सरळ बसली होती, आणि मी आयुष्यात कधी सरळ गाठ मारली नाही. गडहिंग्लजच्या मिरचीबाजारात मी पोती शिवायची. आम्हा बायकांत जिची तिची गाठ वेगळी असायची, म्हणजे वाटेत पोतं उसवलं तर कुणी शिवलं होतं ते लगेच कळायचं. माझी गाठ उलटी, आतल्या अंगाला डावीकडे वळलेली. ती बाहेरून दिसत नाही, बोटाला लागते. त्या दिवशी ती बोटाला लागली नाही.

अष्टमी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून मी माळ्याखालची कोपऱ्यातली जागा झाडायला घेतली होती. तिथं एका स्टुलावर माझ्या सर्जेरावचा कॉम्प्युटर ठेवलेला असायचा. पडद्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा आणि खालच्या डब्याला गोणपाटाची खोळ. सर्जा गावोगावच्या लग्नांची शूटिंग करायचा आणि त्या मशीनवर बसून सीड्या बनवायचा. मग पुण्याला मोठं काम मिळतंय म्हणून गेला. जाताना पायांत चपला घालता घालता मला म्हणाला, "आई, मशीनला कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आलो की बघतो."

मी त्याच संध्याकाळी खोळ शिवली. पुढं त्याचा फोन लागेनासा झाला, मग नंबरच बंद झाला. पुण्याहून आलेली माणसं म्हणायची, दिसला होता, बरा आहे. म्हणजे होता कुठंतरी. मी मात्र खोळ वर्षातून एकदाच उसवायची, खंडेनवमीला. कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, डब्याच्या फटीतून चिमूटभर अक्षता आत सोडायच्या आणि परत टाका घालायचा.

"जयमाला," मी हाक मारली.

माझी सून चुलीपुढं घटावर बांधायच्या कडाकण्या लाटत होती. पदराला पीठ पुसत दारात आली.

"काय आत्ती?"

"खोळ कुणी उसवली?"

तिनं खोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उंदीर असंल."

"उंदीर गाठ मारतोय होय?"

ती हसली नाही. एरवी हसली असती. लाटणं हातातच होतं, ते तिनं या हातातून त्या हातात घेतलं.

"आत्ती, मी सांगणारच होते. दुपारी नजीरभाई येणार आहेत. मशीनला फॉरमॅट मारायचाय."

"म्हणजे काय करायचंय?"

"सगळं पुसायचं आणि नव्यानं घालायचं. प्रेसवाले काम द्यायला तयार आहेत. लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, सगळं टाईप करून द्यायचं, घरात बसून. माझ्या परीक्षा झाल्यात की टायपिंगच्या. पण घरात चालू मशीन पाहिजे म्हणतात, दसऱ्यापासनं."

"आणि नाही झालं तर?"

"तर दादा कोल्हापूरला बोलावतोय. कापडाच्या दुकानात जागा आहे." ती खाली बघून म्हणाली. "मग मी जाते. किती दिवस नुसतं बसायचं, आत्ती?"

हे नवीन होतं. जाण्याचा शब्द तिनं आजवर काढला नव्हता.

"पुसायचं म्हणजे सर्जाचं सगळं जाणार."

"कुलूप आहे त्याला. चालू केलं की शब्द मागतंय. तो शब्द आपल्याला सांगितलाय का त्यांनी?"

"तेच म्हणते मी. कुलूप आहे म्हणजे आत काहीतरी आहे. रिकाम्या पेटीला कुणी कुलूप लावतंय?"

ती लाटणं घेऊन आत गेली. लाटण्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

आता खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तानूबाईचं बोलणं फिरत होतं. तानूबाई आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. तिच्या तोंडाला लागू नये हे मला कळतं, पण कान काही झाकता येत नाहीत. ती नळावर म्हणाली होती, "नवरा का गेला हे बायकोला ठाऊक नसतंय होय गं? त्यानं त्या मशीनीत लिहून ठेवलं असणार. लिहिणारा माणूस तो. म्हणून तर कुलूप घालून गेला." आणि वर असंही म्हणाली होती, "भादव्यात तू बाजाराला गेली होतीस ना, तेव्हा त्या नजीर मकानदाराची गाडी तुझ्या दारात होती. जाताना पिशवी घेऊन गेला. मी काय म्हणत नाही हो. बघितलं ते सांगितलं."

तेव्हा मी तिला गप्प केलं होतं. पण आता टाका बदललेला, सून खाली बघून बोलणारी आणि पुसायची एवढी घाई. मी खोळीपुढंच बसून राहिले. सर्जा जाण्याआधीचे दिवस आठवून बघितले. दोघं भांडत नव्हती. उलट बोलतच नव्हती. न बोलणाऱ्या माणसांत काय चाललंय हे तिसऱ्याला कसं कळणार? त्यानं ते कुठंतरी लिहून ठेवलं असेल, आणि त्यात जयमालाचं नाव असेल, आणि तिला ते माझ्या नजरेला पडू द्यायचं नसेल. असं धरलं की सगळं बरोबर बसत होतं.

नजीर मकानदार दुपारी आला. स्टँडजवळ त्याचं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग हे. चांगला केस पांढरे झालेला माणूस, पण बोलणं कॉलेजातल्या पोरासारखं. खांद्याला एक पिशवी आणि काखेत त्याचा स्वतःचा घडीचा कॉम्प्युटर.

"मावशी, कडाकण्यांचा वास कोपऱ्यापासनं येतोय. मिळणार का एखादी?"

"देवीला बांधल्याशिवाय नाही."

"मग देवीला लवकर बांधा. माझं काम तासाभराचं आहे."

"तुझं काम मी बघणार आहे," मी म्हटलं. "इथंच बसून."

"बसा की. बघणाऱ्याला बंदी नाही." आणि तो जयमालाकडं बघून म्हणाला, "वैनी, पुसायचं ना मग?"

"पुसा," ती दारातूनच म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "पुसायच्या आधी आत काय आहे ते मला दाखवायचं."

"मावशी, कुलूप आहे त्याला."

"तुझ्याकडं किल्ली नसेल तर तू कसला मिस्त्री?"

तो हसला, पण हसताना त्याची नजर परत दाराकडं गेली. ती मी टिपली. माझ्या समोर दोन माणसं एकमेकांकडं बघून बोलायला लागली की मला जुनी गोष्ट आठवते. माझा नवरा मिलिटरीत होता. त्याची पत्रं यायची, आणि मला अक्षर येत नव्हतं, म्हणून तलाठ्याची बायको वाचून दाखवायची. वाचता वाचता ती मध्येच एके ठिकाणी थांबायची, गालात हसायची आणि पुढचं वाचायची. ती का हसली, काय गाळलं, हे मला कधी कळलं नाही. नवरा गेला तरी कळलं नाही. पुढं गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा माझ्या वयाच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मी पाटी घेऊन पहिल्या ओळीत जाऊन बसले होते.

म्हणून मी नजीरला म्हटलं, "मला वाचून दाखवायचं नाही. मी वाचणार."

"बरं," तो म्हणाला. "आधी डबा तर उघडू दे."

मी माझ्या हातानं खोळ उसवली. ती सरळ गाठ दाभणाच्या एका टोकानं सुटली. नजीरनं डब्याचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला. मी वाकून आत बघितलं. आत वायरी होत्या, हिरवी पाटी होती, एक पंखा होता. सगळं स्वच्छ. धुळीचा कण नव्हता.

"अक्षता कुठं गेल्या?" मी विचारलं.

"कसल्या अक्षता?"

"दर खंडेनवमीला मी इथून अक्षता सोडते. या फटीतून."

नजीरनं कपाळावर हात मारला. "तुम्ही होय मावशी! मूठभर तांदूळ निघाले, कुंकवानं लाल झालेले. मला वाटलं उंदरानं वर्षाची बेगमी केलीय!"

आणि मग त्यानं एकदम जीभ चावली. जयमाला दारात होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"कधी वाटलं तुला?" मी विचारलं. "डबा तर तू आत्ता माझ्यापुढं उघडलास."

चुलीवर तेल तापून धूर यायला लागला होता, तरी जयमाला हलली नाही.

"भादव्यात आला होतास. मी बाजारात असताना. पिशवीतून काय नेलंस?"

"मावशी, ऐका..."

"तुला नाही विचारत. जयमाला, तू सांग. काय काढून नेलं यातनं? तुझ्याबद्दल त्यानं काय लिहून ठेवलं होतं?"

"माझ्याबद्दल?" तिनं डोळे उघडले. "आत्ती, तुम्हाला असं वाटतंय होय?"

"मग काय वाटावं? खोळ उसवायची, परत शिवायची, मला उंदीर सांगायचा. आता पुसायची घाई. झाकायला काहीतरी असल्याशिवाय माणूस एवढं करत नाही."

"झाकायला होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण ते माझं नव्हतं. आत्ती, नका बघू. माझं ऐका. पुसू दे त्यांना. तुम्हाला जे वाटतंय ते वाटू दे माझ्याबद्दल, चालतंय मला."

हे ऐकून तर माझा संशय पक्का झाला. "नजीर," मी म्हटलं, "दाखव. नाहीतर डबा परत खोळीत घालते, आणि खोळीसकट घेऊन झोपते."

नजीरनं जयमालाकडं बघितलं. तिनं आत जाऊन कढई उतरवली आणि परत येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मग त्यानं डब्यातून वहीएवढी एक लोखंडी चपटी पेटी काढली. "मावशी, जे काही असतं ते ह्याच्यात असतं. हीच मी पिशवीतनं दुकानात नेली होती, आणि हीच परत आणून लावली. कुलूप असतंय ते दाराला. भिंत काढली की दार राहिलं बाजूला." त्यानं ती वायरीनं आपल्या घडीच्या कॉम्प्युटरला जोडली आणि तो माझ्याकडं वळवला.

"बघा. आता हे त्याचं घर. ही पिवळी पाकिटं दिसतात ना, त्यात माणूस आपलं ठेवतो. ह्यात फोटो." त्यानं पाकीट उघडलं. पांढरं. "ह्यात लिहिलेलं." पांढरं. "ह्यात शूटिंग. सगळ्या गावाची लग्नं ह्यात पाहिजेत." पांढरं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाचायला काही नव्हतंच.

"हे तुम्ही काढलंत," मी म्हटलं. "भादव्यात."

"नाही मावशी. मी कशाला काढू? उलट वैनींनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामाला. म्हणाल्या, पुसायच्या आधी त्यातलं सगळं उतरून सीडीवर घालून द्या, आत्तींना देते, त्यांचा जीव आहे त्यात. मी बघितलं तर हे असं. मग म्हणाल्या, खालनं काही निघतंय का बघा. दोन रात्री लावून ठेवलं दुकानात. काही हाताला लागलं नाही. आमच्या धंद्यात असं कधी कधी होतं, जुन्यावर नीट पुसून नवीन चढवलं की." त्यानं उघडं पाकीट मिटलं. "मी आज जे करायला आलोय ना, ते आधीच एकदा करून झालंय. फॉरमॅट मारून, नवीन घालून, वरनं कुलूप लावलंय."

"कुणी?"

नजीरनं पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. प्रत्येक पाकिटापुढं तारीख होती. सगळ्यांची एकच. इंग्रजी आकडे मला एसटीच्या पाट्यांमुळे येतात. मी ती तारीख तोंडातल्या तोंडात म्हणत उठले.

देवघराच्या भिंतीवर त्या वर्षीचं कॅलेंडर होतं. सर्जा गेला त्या महिन्यानंतर मी त्याचं पान उलटलं नव्हतं. जून. मी बोटानं चौकोन शोधला. त्या चौकोनात आकड्याखाली बैलाचं चित्र होतं. बेंदूर. सर्जा बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला होता.

मला तो दिवस आख्खा दिसला. मी कडबू तळत होते. मातीचे बैल करून देव्हाऱ्यापुढं ठेवले होते. सर्जानं आतून कडी लावून घेतली होती. कडबू निवायला लागले म्हणून मी दारावर हात मारला होता. "सर्जा, गरम आहेत तोवर खा की रे."

"थोडं राहिलंय आई," तो आतून म्हणाला होता. "आलोच."

मी कॅलेंडरापुढं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तानूबाईच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

मला एक गोष्ट कळेना. स्वतःच्या हातानं सगळं पुसून टाकलं, मग कुलूप कशाला? आणि मला का सांगितलं, हात लावू देऊ नकोस म्हणून? मग चपला घालणारा सर्जा आठवला. मी दारात उभी होते, कधी येणार म्हणून विचारत होते. निघणाऱ्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं. तेवढंच होतं ते.

मी येऊन परत जयमालाशेजारी बसले.

"भादव्यापासनं तुला ठाऊक होतं."

"हं."

"मग सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही दर वर्षी माळ घालायचा त्याला." ती बोटांवरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडत होती. "म्हटलं, पुसून झालं की झालं. मी पुसलं म्हणून तुम्ही रागावला असता. रागावायला काय, चार दिवस बोलला नसता."

"आणि तू कोल्हापूरला गेली असतीस तर?"

"तरी सांगितलं नसतं."

मग ती म्हणाली, "आमच्या लग्नाची शूटिंग पण त्यातच होती, आत्ती. सीडी बनवतो बनवतो म्हणाले, बनवली नाही."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या डब्यात माझंच काही आहे असं मी धरून चालले होते.

नजीरनं घसा खाकरला. "मावशी, मग काय करू? घेऊ का चालवायला?"

"घे."

त्यानं ती पेटी परत डब्यात बसवली, पत्रा लावला, पडद्यावरचा लुगड्याचा तुकडा काढला. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. निळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं. नजीरनं विचारलं, "पुसू?" आता पुसायला काय होतं? तरी त्यानं विचारलं, आणि मी मान हलवली. एक पट्टी हळूहळू भरत गेली. आम्ही तिघंही तिच्याकडं बघत बसलो, दूध तापत ठेवल्यावर बघतात तसं. मध्ये जयमाला उठली, उरलेल्या कडाकण्या तळल्या, दोऱ्यात ओवून घटावर बांधल्या. मी हात जोडले आणि एक सोडवून नजीरला दिली.

"मशीन चालायच्या आधी देवी पावली," तो म्हणाला.

बऱ्याच वेळानं पडदा उजळला. हिरवं माळरान आणि आभाळ. त्याआधी मशीननं एक प्रश्न विचारला होता. नजीरनं बोटं कळांवर ठेवून विचारलं, "मालकाचं नाव विचारतंय. काय घालू?"

"सर्जेराव घाला," जयमाला पटकन म्हणाली. माझ्याकडं न बघता.

"नको," मी म्हटलं. "बसणार कोण त्याच्यापुढं? जयमाला घाल."

नजीरनं नाव घातलं. "आणि कुलूप? पासवर्ड ठेवायचा का?"

"कुलूप नको," मी म्हटलं.

"असू दे आत्ती, प्रेसचं काम असणार, पेपर फुटले तर माझ्यावर येईल," जयमाला म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शब्द तुम्ही सांगा. दोघींना ठाऊक असलेला."

मी सांगितला. तो काही इथं लिहीत नाही, अजून तोच आहे. पुढं मशीन दोनदा बदललं, पत्रिका गेल्या आणि दाखल्यांचे अर्ज आले, दारावर पाटी लागली, पण शब्द तोच.

नजीर गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला मी हळदकुंकवाचं ताट घेऊन आले, झेंडूची माळ घातली आणि अक्षता चिमटीत घेतल्या, तेव्हा जयमालानं फटीवर आडवा हात धरला.

"आत नको आत्ती. वरच्या वर."

"बरं बाई, वरच्या वर."

खोळ कोपऱ्यात पडली होती. जयमालाला वाटलं असणार, मी ती आता चुलीत घालीन. पण धूळ काय थांबते होय? मी खोळ मांडीवर घेतली, दाभणात सुतळी ओवली. तिच्या त्या सरळ गाठीचा पीळ सुतळीत अजून होता, कच्चा, एका ओढीत जाईल असा. मी तिला हाक मारली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"ये, बस इथं. बोट पुढं ठेव, सुतळी खालनं घे, आणि आतल्या अंगाला वळव. अशी डावीकडं."

"हे कशाला, आत्ती?"

"पुढच्या वेळी माझ्यापासनं काही लपवशील तेव्हा टाका तरी नीट घाल," मी म्हटलं आणि दाभण तिच्या हातात दिला.